शंका-समाधान : पाभरीला तट्टू चालेल?

प्रश्न : बैल विकले, घरात तट्टू आहे. दोन फणी पाभरीने (ओळीत बी पेरायच्या अवजाराने) रब्बी ज्वारी पेरता येईल का? गेल्या वर्षी एक तास (पेरलेली ओळ) दाट, दुसरे विरळ आले होते.

उत्तर : तट्टू ओढेल, पण बैलाचे जू त्याच्या मानेवर ठेवू नका. बैल वशिंडापुढे टेकलेल्या जुवाने ओढतो. घोड्याला वशिंड नाही. जू सरकते आणि गळपट्टा श्वासनलिका दाबतो. खांद्यांवर बसणारे जाड गादीचे कडे घाला, दोन्ही बाजूंचे दोर मागच्या आडव्या दांडक्याला बांधा आणि ते दांडके पाभरीला जोडा. दोर आखूड झाले की ओढ वर जाते, फण (मातीत शिरणारे दाते) उचलतात. लांब केले की खोल रुततात. बी 5 सेंमीवर पडावे.

खरी अडचण चाड्यावर, म्हणजे मुठीने बी सोडायच्या वाटीवर. घोडा बैलापेक्षा भरभर चालतो, मूठ तीच राहिली तर पेर पातळ होते. विलायती घोडायंत्रांत बी चाकाच्या फेऱ्यांवर पडते, म्हणून तिथे चाल बदलली तरी बिघडत नाही. तुम्ही आधी चाड्यातून बी खाली नेणाऱ्या नळ्यांखाली पिशव्या बांधून 20 मीटर चालवा. एकरी 4 किलो बी आणि तासांत 45 सेंमी अंतर असेल, तर प्रत्येक पिशवीत सुमारे 9 ग्रॅम यायला हवे.

एकच तास विरळ असेल तर त्या नळीचे तोंड पाहा. वळताना पाभर जागेवर टेकवली की ओली माती आत शिरते. पाभर उचलून वळवा, तट्टू चालू लागल्यावरच फण टेकवा. चाडे कलले असेल तरी हेच होते.