अपडेट झालं आणि संगणक कोलमडू लागला

प्रश्न : विंडोज ११चं अपडेट बसल्यापासून दिवसातून तीन-चार वेळा निळा पडदा येतो आणि संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. जो तो म्हणतो, फॉरमॅट मारा. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. फॉरमॅटची घाई करू नका, कारण नव्याने टाकलेल्या विंडोजवर तोच बिघडलेला ड्रायव्हर (ग्राफिक्स, वाय-फाय अशा एकेका भागाला चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा बसला, तर दोन दिवसांत त्याच जागी परत याल.

आधी तारखा जुळवा. स्टार्टच्या शोधात ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ मिळतं. त्यातल्या आलेखात लाल फुल्या कोणत्या दिवसापासून सुरू झाल्या आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी काय काय बसलं, ते पाहा. विंडोज अपडेटबरोबर ग्राफिक्स, ऑडिओ किंवा वाय-फायचा ड्रायव्हरही गुपचूप आलेला असतो, आणि पुष्कळदा खरा दोषी तोच निघतो. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून पॉवर सप्लाय बदलायला धावू नका. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती नोंद सांगते. का, ते सांगत नाही.

मग निळ्या पडद्यावरचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, टिपून घ्या. नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा असतो, पण कोड तेच आहेत. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळात (मूळ सेटिंगनुसार २ सेकंद) उत्तर दिलं नाही, आणि त्याला पुन्हा उभं करण्याचा विंडोजचा प्रयत्नही फसला. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने मेमरीत भलतीकडे हात घातला. कोडाखाली ‘एसवायएस’ने संपणारं फाइलचं नाव असेल, तर ते सगळ्यांत मोलाचं. मात्र तिथे ‘एनटीओएसकर्नल’ असेल, तर त्यावरून विंडोजलाच दोष देऊ नका. ती विंडोजच्या गाभ्याची फाइल. चूक दुसऱ्याने केलेली असते आणि बहुतेक वेळा ती फक्त तिथे पकडली जाते.

ड्रायव्हर सापडला, की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकं दिसत असेल, तर मागची प्रत शिल्लक नाही. अशा वेळी लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आधीची आवृत्ती उतरवून बसवा. ‘सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर्स कृपा करून टाळा. चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवून ती एका बिघाडाचे दोन करतात.

प्रश्न : अपडेटनंतर संगणक सुरूच होत नाही. लोगो दिसतो, चक्र फिरतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर : ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ अशी सूचना पडद्यावर असेल, तर हात लावू नका, जुन्या हार्ड डिस्कवर याला तास-दीड तासही लागू शकतो. सूचना नसताना नुसतंच चक्र फिरत असेल, तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क सगळं काढून एकदा सुरू करून पाहा.

तरीही तेच, तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरा आणि संगणक बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केलं, की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. आधी ‘क्वालिटी अपडेट’ काढा, म्हणजे दर महिन्याचं. ‘फीचर अपडेट’ म्हणजे अख्खी आवृत्ती. ती बदलल्यावरच त्रास सुरू झाला असेल, तरच तो पर्याय निवडा. मागे जायला साधारण १० दिवसांचीच मुदत असते, नंतर जुन्या आवृत्तीच्या फायली पुसल्या जातात.

वाटेत बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करत असाल, तर बहुधा ती त्या खात्यात जमा असते. फोनवरून खातं उघडून पाहा. की नसेल, तर त्या डिस्कवरचा डेटा कुणालाही काढून देता येत नाही. म्हणून संगणक धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

प्रश्न : विंडोज नीट चालतं, पण एकच प्रोग्राम उघडताच बंद पडतो. दोनदा काढून पुन्हा टाकला.

उत्तर : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, अॅप्लिकेशन इथे जा आणि क्रमांक १०००ची नोंद शोधा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’, म्हणजे ज्या फाइलपाशी प्रोग्राम कोसळला तिचं नाव असतं. तिथे तुमच्या प्रोग्रामऐवजी भलत्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरची फाइल दिसली, तर त्याने तुमच्या प्रोग्राममध्ये शिरून घोळ घातला असण्याची दाट शक्यता आहे. अँटिव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर, खेळांवर आकडे दाखवणारे ओव्हरले, पंखे आणि दिवे सांभाळणारी सॉफ्टवेअर्स हे नेहमीचे संशयित.

नोंदीतून उलगडा झाला नाही, तर क्लीन बूट करा, म्हणजे बाहेरची सॉफ्टवेअर्स बंद ठेवून विंडोज सुरू करा. ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, सर्व्हिसेसमध्ये आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा, मगच ‘डिसेबल ऑल’. ती खूण विसरलात, तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद पडतील. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलं बाकीचंही बंद करा, रीस्टार्ट करा. प्रोग्राम चालला, तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या सेवा चालू करा आणि पुन्हा पाहा. ४० सेवा असल्या तरी सहाएक फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. कधी दोन सेवा एकत्र आल्यावरच भांडतात. मग दोन्ही निमे वेगवेगळे ठीक चालतात आणि माणूस चक्रावतो. अशा वेळी एक निमा चालू ठेवून दुसऱ्यातल्या सेवा एकेक करून जोडा.

दोन अँटिव्हायरस असतील, तर एक आजच काढा, तोही त्या कंपनीच्या रिमूव्हल टूलने, म्हणजे खोलवर बसलेले त्याचे ड्रायव्हरही जातील. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. गाभ्यात चालणारा ड्रायव्हर चुकला, की अख्खं विंडोज थांबतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक अडकले, ते याच कारणाने.

प्रश्न : विंडोजच्या फायली तपासणारं एसएफसी स्कॅन म्हणतं, काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत.

उत्तर : क्रम उलटा झाला. एसएफसी चांगल्या प्रती विंडोजच्या कोठारातून घेतं. कोठारच बिघडलं असेल, तर ते देणार काय? आधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि कोठार दुरुस्त करणाऱ्या डीआयएसएमची ‘रिस्टोअरहेल्थ’ आज्ञा चालवा. इंटरनेट चालू हवं. टक्केवारी मध्येच बराच वेळ थबकते, खिडकी बंद करू नका. ते संपल्यावर पुन्हा एसएफसी. दुरुस्त झालेल्या फायली आठवड्याभरात परत बिघडल्या, तर दोष अपडेटचा नसून बहुधा रॅमचा किंवा डिस्कचा आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम रात्रभर चालवा. त्यात एकही चूक निघाली, तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा.