यूकेत जीपी सर्जरीकडून (म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याकडून) सारखे मेसेज येतात, ते वाचायचे की सरळ डिलीट करायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉव्हेंट्रीला येऊन 3 वर्षं झाली, वय 41, सर्जरीकडून आठवड्याला एक तरी मेसेज असतोच, हेल्थ चेकला या, फ्लूची लस घ्या, आमचं न्यूजलेटर वाचा, पण खरंच बरं नसतं तेव्हा डॉक्टर काही मिळत नाही. दर डिसेंबरला पुण्याला जाऊन फुल बॉडी चेकअप करतोच, मग या 'टाइमपास मेसेजना' किती भाव द्यायचा?

ते टाइमपास मेसेज मी पाठवते हो. तुम्हाला नाही, कॉव्हेंट्री आमच्यापासून लांब आहे, पण इंग्लंडमधल्याच एका सर्जरीत मी 11 वर्षं रिसेप्शनला आहे. सोमवारी सकाळी 8 ला 'तुम्ही रांगेत 23 वे आहात' ऐकून वैतागलेली माणसं ज्या बाईवर ओरडतात ती बाई मी. हल्ली आम्हाला केअर नॅव्हिगेटर म्हणायचं असतं, लोक अजून ड्रॅगनच म्हणतात, म्हणू देत.

तुमच्यापुरतं उत्तर आधी देऊन टाकते. हेल्थ चेकचा मेसेज आलाय तर जा. 40 ते 74 वयात दर 5 वर्षांनी बोलावतात, आधीपासून डायबेटिस, बीपी, हार्ट वगैरेची नोंद असेल तर नाही, कारण त्यांचे रिव्ह्यू वेगळे होतात. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, बीपी, वजन, कोलेस्टेरॉल, घरात कुणाला काय होतं, संपलं. आपल्या लोकांना वजनाची रेघही खाली ओढलेली असते, गोऱ्यांना बीएमआय 25 ला जास्त म्हणतात, आपल्याला 23 लाच, आणि 27.5 म्हणजे लठ्ठ. पोळीभात खाऊन दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या एक्केचाळिशीच्या माणसाला मी तरी अजून काय सांगू. न्यूजलेटर नाही वाचलंत तरी चालेल, ते आमची मॅनेजर लिहिते आणि बहुतेक तीच वाचते. फक्त बँक हॉलिडेच्या आधी रिपीट प्रिस्क्रिप्शन कधीपर्यंत मागवायचं ती ओळ तेवढी बघत जा, नाहीतर ईस्टरला गोळ्या संपल्या म्हणून आमच्याच नावाने शिमगा होतो.

आता मी एवढी का चिडले ते सांगते. सगळ्या गावाला आठवण करून देणाऱ्या बाईच्या घरात काय झालं ते ऐका.

माझा नवरा आता 54 चा आहे. आम्ही मुद्दामच दुसऱ्या सर्जरीत नाव घातलंय, नाहीतर माझ्या टेबलावरच्या मुलींना त्याचं बीपी पाठ व्हायचं. गेल्या वर्षी त्याला आतड्याच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगचं किट आलं. इंग्लंडमध्ये 50 ते 74 च्या सगळ्यांना दर 2 वर्षांनी घरपोच येतं, पूर्वी 60 पासून यायचं, वय हळूहळू खाली आणलं. ते सर्जरी पाठवत नाही, स्क्रीनिंगवाल्यांचं वेगळं केंद्र पाठवतं, पण कुणी परत नाही पाठवलं की यादी आमच्याकडे येते आणि आम्ही मेसेज टाकतो. तर किट म्हणजे एक पाकीट, त्यात माहितीचा कागद, करंगळीएवढी बाटली, झाकणालाच चिकटलेली खाचा असलेली काडी. ती काडी स्वतःच्या शीवर फिरवायची, खाचा भरल्या की बाटलीत खुपसून झाकण लावायचं, तारीख लिहायची आणि पोस्टात टाकायचं. तिकीटही लागत नाही.

नवऱ्याने कागद वाचला, 'शी!' म्हणाला (बरोबरच होतं म्हणा) आणि पाकीट मायक्रोवेव्हवर कौन्सिल टॅक्सच्या बिलामागे ठेवून दिलं. महिन्याने आठवणीचं पत्र आलं, तेही त्याच्यामागे गेलं. मग सर्जरीचा मेसेज आला. मी तो मेसेज बघूनच ओळखला, कारण असाच मजकूर मी रोज पाठवते, अगदी तीच वाक्यं, तोच लिंकवाला शेपटा. त्याने माझ्यासमोर अंगठ्याने सरकवून उडवला आणि म्हणाला, स्कॅम असतील गं हे. स्कॅम! मी त्या दिवशी दुपारभर तसे मेसेज पाठवून घरी आले होते.

मधल्या काळात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. आवराआवर करताना त्यांना ते पाकीट सापडलं, बाटली उघडून वास घेतला आणि मला विचारलं, हे कसल्या तेलाचं सॅम्पल आलंय, काडी लावायला दिलीय बघ बरोबर. मी काय सांगणार. त्यांना सगळं समजावल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, लहानपणी तुझं सगळं मी काढलंय, आता तुला स्वतःचं स्वतःला होत नाही होय रे? बाटली त्यांनी उघडलेली, म्हणून मी हेल्पलाइनला फोन करून नवीन मागवली. दुसऱ्या रविवारी नवऱ्याने दार लावून घेतलं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कार्यक्रम उरकला. (कमोडमधल्या पाण्याला लागायला नको असतं, म्हणून आधी स्वच्छ डब्यात धरायचं.) डबा अर्थातच टाकून दिला. त्यानंतर आमच्या घरी श्रीखंड चक्का टांगूनच होतं.

दोन आठवड्यांच्या आत पत्र आलं, पुढची तपासणी करायला हवी. आता 100 मधल्या साधारण 98 जणांना पुढे काहीच लागत नाही, आणि ज्यांना लागतं त्यांच्यातही बहुतेकांना कॅन्सर नसतो, हे मी रोज लोकांना फोनवर शांत आवाजात सांगते. त्या रात्री मला स्वतःला ते एकदाही आठवलं नाही. नवरा म्हणाला मूळव्याध असेल. मी भांडी घासत होते, घासलेलीच पुन्हा घासली.

आधी स्क्रीनिंगच्या नर्सने वेळ देऊन सगळं विचारलं, मग कोलोनोस्कोपीची, म्हणजे कॅमेऱ्याने आतडं आतून बघायची तारीख. त्याच्या आधी दोन दिवस डाळ नाही, भाजी नाही, चपाती नाही, बियांचं काही नाही. मऊ पांढरा भात, अंडं, पांढरा ब्रेड. मग ती पोट साफ करायची पावडर, पहिला डोस म्हणे आंब्याच्या चवीचा. देवगडच्या माणसाने चाखला तर केस ठोकेल. ती रात्र त्याची बाथरूममध्ये गेली आणि माझी जिन्यावर. दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन घेतल्यामुळे गाडी मीच चालवली, तो बाजूला बसून एकच वाक्य चार वेळा सांगत होता. दोन पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेल्या गाठी, निघाले, एक बारीक, एक 12 मिलिमीटरचा. तिथेच तपासणी चालू असताना काढले. रिपोर्ट आला, कॅन्सर नव्हता, पण ज्याचा पुढे होऊ शकतो त्या जातीचे होते. आता 3 वर्षांनी परत कोलोनोस्कोपी. ना पोटात दुखत होतं ना रक्त दिसत होतं. रविवारी बॅडमिंटन खेळणारा माणूस.

आता येते तुमच्या पुण्याच्या चेकअपकडे, आणि इथे मला माझे थोरले दीर आठवतात. हॅरोला असतात, 61 वर्षांचे, आम्ही दादा म्हणतो. दर डिसेंबरला ते पुण्याला जाऊन पॅकेज करतात आणि स्पायरल बाइंडिंगची फाइल घेऊन येतात, रंगीत ग्राफ, 80 च्या वर टेस्ट. दर गणपतीला आमच्याकडे मोदकाच्या ताटावर तेच भाषण: तुमच्या एनएचएसमध्ये (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) पॅरासिटामॉलशिवाय काही मिळत नाही, माणूस आडवा झाल्याशिवाय स्कॅन करत नाहीत, आमच्याकडे बघ, सकाळी सातला गेलो, अकराला ब्रेकफास्टसकट मोकळा. 'तुमच्या' एनएचएसमध्ये! जणू मी माहेरहून आणलंय.

या गणपतीला मी ती फाइल मागून घेतली. पान पान बघितली. व्हिटॅमिन डी होतं, बी-12 होतं, थायरॉइड तीन प्रकारे होतं, टेस्टोस्टेरॉनसुद्धा होतं. शीत लपलेलं रक्त बघायची, म्हणजे त्या किटमधली, टेस्ट नव्हती. आणि घरी आलेलं किट त्यांनी काय केलं विचारलं तर, असल्या गोष्टी पोस्टाने पाठवायच्या का? 80 सुया चालतात, एक काडी चालत नाही. मी म्हटलं दादा, तुमच्या धाकट्या भावाच्या पोटातून 12 मिलिमीटरचा पॉलिप निघाला तो या काडीमुळे. तर म्हणाले, अगं पण तुम्हाला त्या मेसेजचे पैसे मिळतात ना.

मिळतात. मला नाही, सर्जरीला. लशीमागे मिळतात, हेल्थ चेकचे मिळतात, डायबेटिसचे रिव्ह्यू वेळेवर झाले त्याचेही मिळतात. मग? पुण्याच्या लॅबला काय दादांच्या प्रेमापोटी फाइल बाइंड करावीशी वाटते? निदान इथे पैसे कुठल्या कामाचे मिळणार ते वरून ठरतं, त्यामुळे उगाच टेस्टोस्टेरॉन मोजून कुणी बिल वाढवत नाही. हे मी त्यांना तेव्हा बोलले नाही, पाहुणे होते, म्हणून इथे बोलतेय.

तुमचंही तेच आहे बघा. पुण्याचे रिपोर्ट वाईट नसतात, पण ते इथल्या रेकॉर्डला आपोआप येत नाहीत. लोक 24 पानांची पीडीएफ मोबाइलवर घेऊन येतात, डॉक्टरकडे जेमतेम 10 मिनिटं, तिकडे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) टक्क्यांत, इकडे 42 आणि 48 अशा आकड्यांत (6.0 म्हणजे 42, तिथून काठावर, 6.5 म्हणजे 48, तिथून डायबेटिस). आणि जानेवारीत इकडे परत आलात की तुम्हीही डिसेंबरचा आकडा विसरता. इथे काठावर सापडलात तर वर्षाला एकदा रक्त तपासायला बोलावतात, खाण्यापिण्याच्या फुकट कोर्सलाही पाठवतात. तो बोलावणारा मेसेजही तुम्ही टाइमपास म्हणून उडवणार.

फुकट म्हणजे तरी काय. व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज भरलात ना, तुमच्या वेळी वर्षाला 624 पौंड असेल, आता 1,035 झालाय. पैसे तुमचे गेलेत. आणि डिसेंबरला येताना 60 हजार युनिटच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या आणत असाल तर मनाने आठवड्याला एक फोडू नका, इथे रोजचे 10 मायक्रोग्रॅम सांगतात, म्हणजे 400 युनिट, आपल्या रंगाच्या लोकांना वर्षभर. हे उगाच मध्ये आलं, पण दादांच्या फ्रिजच्या वर पुड्यांचा डोंगर आहे.

डॉक्टर मिळत नाही ही तक्रार मात्र खरी आहे, ती मी नाकारणार नाही. आठच्या फोनची रांग मलाही आवडत नाही, त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला मी बसते. ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सर्जऱ्यांना ऑनलाइन फॉर्म सकाळी 8 ते संध्याकाळी साडेसहा उघडा ठेवावा लागतो, तो भरा, आणि नीट भरा, 'पोटात दुखतं' एवढंच लिहून पाठवू नका, कधीपासून, कुठे, काय घेतलं ते लिहा. घसा, सायनस, बायकांची लघवीची जळजळ, नागीण, असल्या सात तक्रारींना फार्मासिस्टच बघतो आणि गरज पडली तर औषधही देतो, जानेवारी 2024 पासून. हे आमच्या न्यूजलेटरमध्ये चार वेळा आलं होतं. ते वाचू नका असं मीच वर म्हटलंय, ठीक आहे, हे तेवढं लक्षात ठेवा.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि किटचा रिझल्ट चांगला आला म्हणजे सात पिढ्यांची हमी मिळाली असंही नाही. शीतून रक्त जात असेल, तीन आठवडे पोटाचं तंत्र बदललेलं असेल, वजन आपोआप उतरत असेल तर वय 41 असो की 21, किटची वाट बघायची नाही, सरळ सर्जरीला कळवायचं आणि रिसेप्शनला कारण सांगायला लाजायचं नाही. आम्ही चौकशी भोचकपणाने करत नाही, कारण कळलं तर तुम्हाला आज बसवायचं की पुढच्या आठवड्यात ते ठरवता येतं. मी लिहिलंय ते इंग्लंडचं, स्कॉटलंड-वेल्सकडे थोडं वेगळं असतं.

मेसेजमधल्या लिंकने जन्मतारीख विचारली तर घाबरू नका, ती पद्धतच आहे. बँकेचा नंबर मागितला तर मात्र तो आमचा मेसेज नाही. शंका आली तर लिंक सोडा, एनएचएस अ‍ॅप उघडून बघा, नाहीतर दुपारी दोननंतर फोन करा, तेव्हा रांग नसते.

आणि 3 वर्षांत घर बदललं असेल तर पत्ता आणि मोबाइल नंबर सर्जरीला कळवा. सगळी पत्रं नोंदवलेल्या पत्त्यावर जातात. आमच्याकडे महिन्याला गठ्ठाभर परत येतात, निम्म्यांवर आपलीच आडनावं असतात.