‘प्रेम करत आलो आहे’ : एका सोल गीताच्या शीर्षकाविषयी

सोल या आफ्रिकी-अमेरिकी भावपूर्ण संगीतशैलीतले अमेरिकी गायक ओटिस रेडिंग यांच्या ‘आय’व्ह बीन लव्हिंग यू टू लाँग’ या गीताच्या शीर्षकाचा अर्थ ‘तुझ्यावर फार दिवस प्रेम केले, आता पुरे’ असा होतो का, आणि मराठीत ते नेमके कसे म्हणावे, अशी विचारणा झाली आहे.

अर्थ याच्या अगदी उलट आहे. रेडिंग यांनी गायक जेरी बटलर यांच्यासह रचलेले हे गीत 1965 साली आले. त्याच्या शीर्षकाला पुढे कंसात ‘टू स्टॉप नाऊ’ अशी जोड आहे, ती गाळली की गैरसमज होतो. इंग्रजीतल्या या ‘टू (too)… टू (to)’ रचनेत नकार दडलेला असतो आणि मराठीत तो उघड करून सांगावा लागतो: इतका काळ प्रेम केले आहे, की आता थांबता येत नाही. ‘चालवत नाही’, ‘बघवत नाही’ या धर्तीवर ‘मला थांबवत नाही’ असे म्हणण्याचा मोह होईल, पण ‘थांबवणे’ हे प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया घडवणारे, क्रियापदही असल्यामुळे, कोणीतरी मला अडवत नाही असा भलताच अर्थ त्यातून निघू शकतो.

खरी गंमत ‘लव्हिंग’ या रूपात आहे. ‘लव्ह’ हे क्रियापद स्थिती सांगते, म्हणून इंग्रजीत ते सहसा चालू (अपूर्ण) काळात, म्हणजे ‘-इंग’ लावून, येत नाही. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ या आपल्या वाक्यातही स्थितीच आहे. इथे मात्र प्रेम ही रोज नव्याने केलेली कृती होते. मराठीत त्यासाठी ‘करत आलो आहे’ ही रचना तयारच आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. ‘करत गेलो’ म्हटले की क्रिया बोलणाऱ्यापासून पुढे सरकत जाते, ‘करत राहिलो’ मध्ये चिकाटी किंवा हट्ट डोकावतो, तर ‘येणे’ हे सहायक क्रियापद मागचा सगळा काळ ओढून आजच्या क्षणापाशी आणून सोडते. ‘आमच्या घरी चार पिढ्या वारी करत आल्या आहेत’ या वाक्यात वारी आजही चालू आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. या गीतातला प्रियकर तसाच बोलतो: ‘मी तुझ्यावर इतका काळ प्रेम करत आलो आहे, की आता थांबणे माझ्या हातात राहिलेले नाही.’

हे तो कोणाला सांगतो आहे, तेही महत्त्वाचे आहे. ती थकली आहे, तिला मोकळे व्हायचे आहे, आणि याचे प्रेम मात्र वाढतेच आहे. म्हणजे हे सुखी जोडप्याचे गीत नव्हे, ही विनवणी आहे. संथ लयीत सुरुवातीचे शब्द लांबवताना रेडिंग यांच्या आवाजात जो ताण येतो, तो त्याच विनवणीचा आहे.

पुढे ती त्याची ‘हॅबिट’ होत चालल्याचा उल्लेख येतो. त्या शब्दाला व्यसनाचीही छटा आहे, पण मराठीत ‘व्यसन’ घेतले तर दोषच पुढे येईल. ‘सवय लागली’ मध्येही तक्रारीचा किंचित सूर आहे. ‘तुझी मला सवय होत चालली आहे’ एवढेच म्हणावे. तिला निघायचे असताना त्याने उच्चारलेले हे साधे वाक्य पुरेसे जड आहे.