ओमानमध्ये बारमाही नद्या नाहीत, मग ग्रीन हायड्रोजनला (सौर-पवन विजेने पाणी फोडून काढलेल्या हायड्रोजनला) पाणी कुठून आणणार?

समुद्रातून, आणि खर्चात पाण्यापेक्षा विजेचाच वाटा मोठा. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने 9 लिटर पाणी लागतं, शुद्धीकरणातली घट धरून 10-12. यंत्रणा बाष्पीभवनाने थंड करायची ठरवली तर दुपटीच्याही वर, म्हणून ओमानच्या किनाऱ्यावरच्या दुक्मसारख्या ठिकाणी हवेने थंड करणं बरं. आरओने समुद्रातून 1,000 लिटर गोडं पाणी काढायला 3-4 युनिट वीज पुरते, म्हणजे हायड्रोजनच्या किलोमागे 0.1 युनिटही नाही. विजेने पाणी फोडणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, मात्र किलोमागे 50-55 युनिट खातो. आरओचं पाणी थेट त्यात सोडू नका: कॅल्शियम, लोखंडाचे अंश त्यातला पातळ पडदा (मेम्ब्रेन) खराब करतात, पुढे डीआयोनायझेशन, म्हणजे उरलेले क्षार काढणं, हवंच. मेख एकच: जितकं गोडं पाणी मिळतं त्याहून जास्त प्रमाणात खारं पाणी मागे उरतं, ते उथळ किनाऱ्यालगत सोडलं तर मासळीला फटका बसतो.