फिनलंडच्या शाळेतून परतताना काय न्यावे

आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, यजमानांच्या नोकरीनिमित्त दोन वर्षांसाठी मुलासह फिनलंडला येत आहात आणि परतताना इथले काय आपल्या शाळेसाठी नेता येईल, असे आपण विचारले आहे. मुलाचे आधी सांगतो: इथे पहिली सातव्या वर्षी सुरू होते, आणि फिनिश येत नसल्याने त्याला बहुधा वर्षभर तयारीच्या वर्गात बसवतील. त्याची चिंता करू नये.

शाळा पाहायला येणारे बहुतेक जण कमी गृहपाठ आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतरची पंधरा मिनिटांची सुट्टी यांची नोंद करून परततात. ती सुट्टी जरूर न्यावी, तिला पैसे लागत नाहीत. मला मोलाचे वाटते ते मागे पडणाऱ्या मुलाला वेळीच मिळणारे साहाय्य. माझी धाकटी मुलगी पहिलीत अक्षरे जोडताना अडखळू लागली, तेव्हा काही आठवड्यांतच विशेष शिक्षिका तिला आठवड्यातून दोनदा तीन मुलांच्या गटात वेगळे शिकवू लागल्या. तिला कोणी 'कच्ची' म्हटले नाही, कारण वर्गातली बरीच मुले कधी ना कधी त्या खोलीत जाऊन आलेली असतात.

हे जसेच्या तसे नेता येणार नाही. इथे वर्गशिक्षकाला 1979 पासून पदव्युत्तर पदवी लागते, आणि 1972 मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून लागू होऊ लागलेली, सर्व मुलांसाठी एकच असलेली समान शाळा देशभर पोहोचायला 1977 उजाडले. शिवाय 2006 नंतर पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिनलंडचेही गुण घसरले आहेत. आपल्या द्विशिक्षकी शाळेत, मतदार याद्यांचे काम सांभाळून, वेगळी शिक्षिका कुठून आणणार? तरी रोज वीस मिनिटे चार मुलांसाठी राखता येतील.

बाहेरची कल्पना आपल्या परिस्थितीला बेतून घेण्याचे हेच काम बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी केले होते. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मॉन्टेसरी यांचे महागडे साहित्य गरिबांच्या मुलांना परवडणारे नव्हते, म्हणून 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केल्यावर त्यांनी शिंपले, बिया, खडे वापरले आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली.

येताना मागे पडलेल्या मुलांच्या गणिताच्या वह्यांच्या प्रती, नावे झाकून, सोबत आणाव्यात. मराठी वाचता आले नाही तरी आकडे समजावून सांगितल्यावर हातच्याची चूक कोणत्याही शिक्षकाला दिसते, आणि 'त्या मुलाला तुम्ही उद्या काय शिकवाल?' हे इथल्या विशेष शिक्षिकेला विचारता येते.