जगबुडीच्या कादंबऱ्या वाचून हसू का येतं?

तुम्ही विचारलंय, की विषय जगाच्या अंताचा, मग त्यावरच्या विनोदी फँटसी कादंबऱ्या लोक इतक्या आवडीने, तेही पुन्हा पुन्हा, का वाचतात. मला याचं उत्तर पुस्तकांच्या आधी आजीकडून मिळालं.

आमचं घर पुण्यात, नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि पाणी माळ्याला टेकलं. घर जेमतेम सावरतंय तोच फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रही आली. मकर राशीत आठ ग्रह एकत्र, आता जग बुडणार, अशी देशभर आवई उठली, ठिकठिकाणी यज्ञ झाले. शेजारच्या काकू घाबरून आजीकडे आल्या. आजी म्हणाली, "लिंबं आणलीयत, चिरायला बसा. लोणचं मुरायला महिना लागतो." हे सांगताना ती खूप हसायची. पुरात गेलेल्या शिवणयंत्राचा विषय निघाला की मात्र गप्प व्हायची.

टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांची 'गुड ओमेन्स' (१९९०) वाचताना मला तीच आठवत होती. त्यात एक देवदूत आणि एक सैतानाचा दूत हजारो वर्षं पृथ्वीवर राहून इथलेच होऊन गेलेत. देवदूताचं लंडनच्या सोहोमध्ये जुन्या पुस्तकांचं दुकान आहे आणि पुस्तक विकायचं त्याच्या जिवावर येतं. दुसऱ्याचा जीव आपल्या १९२६च्या बेंटली गाडीत अडकलाय. वरच्यांना आणि खालच्यांना शेवटचं युद्ध हवंय, या दोघांना नकोय. का, तर जग संपलं की आपल्याला ओळखणारी छोटी हॉटेलंही संपणार! मला हे कारण पूर्ण पटतं. पृथ्वी वाचवायला याहून मोठं कारण लागतच नाही.

याच पुस्तकात बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांपैकी रोगराई १९३६ साली निवृत्त झालेली आहे, तिच्या जागी प्रदूषण आलंय. पहिल्यांदा मी यावर खळखळून हसलो होतो. एप्रिल २०२० मध्ये, पेठांमध्ये बांबू बांधून रस्ते बंद असताना, तेच पान वाचलं आणि हसू आलं नाही. १८९७चा प्लेग पाहिलेलं हे गाव. पुस्तक मिटून ठेवलं. दोन दिवसांनी परत उघडलं, कारण त्या दोन दूतांची कुरबूर ऐकावीशी वाटत होती. भीती गेली नव्हती, पण सोबत मिळाली.

गंभीर प्रलयकथेत शहरंच्या शहरं कोसळतात आणि माणसं गर्दीत हरवतात. हसवायचं असेल तर लेखकाला माणूस जवळून बघावा लागतो, त्याच्या सवयी, हट्ट, जेवणाच्या वेळा ठाऊक असाव्या लागतात. मग काय काय बुडणार आहे, ते नावानिशी कळतं. जे लेखक माणसांना मूर्ख ठरवून वरून हसतात, त्यांची पुस्तकं मी अर्ध्यात सोडतो.

'गुड ओमेन्स' वाचायला घेतलीत तर तळटीपा गाळू नका. माझी आवडती पानं त्यांच्यामुळेच आवडती आहेत.