ठाणे स्टेशनवर ‘ट्रेन्स आर रनिंग लेट’ ऐकू येतं. ‘रन’ म्हणजे पळणं, मग उशिरा पळणं म्हणजे काय?

इथे ‘रन’ म्हणजे वेगाने पळणं नव्हे, तर ठरलेल्या मार्गावर चालू असणं. गाड्या उशिराने धावत आहेत, असं मराठीतही म्हणतोच की.

माणूस किंवा प्राणी ‘रन’ करतो तेव्हाच शब्दशः पाय हलतात. बाकी ठिकाणी सलगपणा महत्त्वाचा. नळ ‘रन’ होतो म्हणजे वाहतो, नाकही तसंच. धुताना कपड्याचा रंग ‘रन’ झाला म्हणजे रंग गेला. घोडबंदर रोड ठाण्यातून घोडबंदरकडे ‘रन्स’. रस्ता कायम तिथेच असल्याने इथे ‘इज रनिंग’ चालत नाही.

खरी गफलत ‘चालवणे’मुळे होते. दुकान, क्लास, संस्था चालवणं म्हणजे ‘रन’. पण रिक्षा हाकणं म्हणजे ‘ड्राइव्ह’. ‘आय रन अ रिक्षा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला रिक्षाचा धंदा आहे असं वाटेल.

‘रन’च्या पुढचा शब्द जपून वापरा. ‘रन इन्टू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अवचित भेटला. ‘रन ओव्हर अ फ्रेंड’ म्हणजे त्याला गाडीखाली चिरडलं! ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणं, पण ज्याच्याकडचं संपलं तो कर्ता हवा: ‘वुई हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दुधाला कर्ता केलंत तर ‘ऑफ’ गाळा: ‘द मिल्क हॅज रन आउट’.

रूपं रन, रॅन, रन. त्यामुळे ‘हॅज रॅन’ चूक, ‘हॅज रन’ बरोबर. ही चूक फार जण करतात.